रिकामा हौदा दबला तेव्हा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको — मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. मानून मला परवडणारच नाही. कोरेगावात रहिमतपूर रस्त्याला माझं गॅरेज आहे आणि मी फक्त ब्रेकचं काम करतो. इंजिन नाही, क्लच नाही, डेंटिंग-पेंटिंग तर नाहीच नाही. त्यामुळं ज्या गाडीत "काहीतरी हाय" असं चार माणसांना वाटतं, ती हिंडत हिंडत शेवटी माझ्याकडं येते. कुणाची गाडी एका ठरावीक वळणावरच डावीकडं ओढते, कुणाची उतारावर मधेच अडखळते. मालक आधीच नारळ फोडून, दर्ग्यावर जाऊन, बंपरला लिंबू-मिरची टांगून मोकळा झालेला असतो. मी चाक काढतो. आत जाम झालेला पिस्टन निघतो, नाहीतर उंदरानं कुरतडलेली वायर. एवढ्या वर्षांत भूत एकदाही निघालेलं नाही.

हे मिजाशीत सांगतोय असं वाटत असेल तर वाटू द्या. मिजास आहेच मला. ब्रेकच्या बाबतीत तरी आहे.

या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचतो, करमणूक म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... अरे, काहीतरी नवीन सांगा की! असं एकदा मोठ्यानं बोललो तर बायको म्हणाली, "मग तुमचंच सांगा की. का दडवून ठेवलंय?" म्हणून लिहायला बसलो. माझ्या गोष्टीत ना अमावस्या आहे, ना स्मशान. भर सकाळी, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, समोर चहावाल्याचा स्टोव्ह ढणाढणा पेटलेला, अशा वेळी घडलेलं आहे.

तर सुरुवात झाली एका फोननं.

"इसाकभाई ब्रेकवाले का? आवं, मी सुनंदा बोलतीय, कुंडलवरनं. माझ्या पिकपचं पेडल पायाला लाथा मारतंय बगा."

"लाथा म्हणजे?"

"लाथाच की! ब्रेक दाबला की खालनं धडधड, धडधड... आन् गाडी थांबायचं नाव घेत न्हाई."

आता ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्या पिकअपला एबीएस असतं. जोरात ब्रेक मारला आणि चाक जाम होऊन घसरायला लागलं, की एबीएस त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. त्या धरसोडीचे धक्के पेडलला बसतात. म्हणजे पेडलनं लाथ मारणं हा रोग नाही, एबीएस काम करत असल्याची ती खूण आहे. पण ते काम करायला नको तिथं करत असेल, तर रोग दुसरीकडं कुठंतरी आहे. बहुतेक वेळा चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल, नाहीतर लोखंडाचा कीस बसलेला असतो.

"गाडी रिकामी करून आणा," मी सांगितलं. हे मी सगळ्यांनाच सांगतो. सगळेच मिस्त्री सांगतात. भरलेली गाडी खड्ड्यावर घेऊन तिच्याखाली उभं राहायची हौस कुणालाच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. स्वतः चालवत. बाजूला सासरे. साठी ओलांडलेले, ताठ, पांढऱ्या मिशा, मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. घरात आणि गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. सुनंदाचा नवराही फौजेत, वर काश्मीरकडं. मागं घरी उसाच्या रोपांची नर्सरी. ट्रेमध्ये रोपं वाढवायची आणि पिकअपमधून शेतकऱ्यांना पोच करायची, असा धंदा. फलटणकडं त्यांचं बरंच गिऱ्हाईक. ही बाई रोपांचे ट्रे भरून कुंडलहून निघायची, रहिमतपूर, कोरेगाव करत, आदर्कीचा घाट उतरून फलटणला माल टाकायची आणि संध्याकाळच्या आत घरी. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला होता म्हणे. लग्नानंतर नवऱ्यानं सुट्टीवर आल्यावर पिकअप शिकवली. तिनं माझ्या गॅरेजसमोर गाडी रिव्हर्समध्ये एका दमात खड्ड्यावर घेतली. चाकं बरोबर कडेच्या पट्ट्यांवर. चांगले चांगले ड्रायव्हर तिथं तीनदा पुढं-मागं करतात. मी मनात म्हटलं, हिच्या पायात काही खोट नाही.

पण आबांचं मत वेगळं होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे बगा भाई, सरळ बोलतो. आदर्की घाटात हिच्याकडनं गाडी थांबली न्हाई. फुडं ट्रक हुता. हिनं डोंगराच्या अंगाला गटारात घातली म्हनून वाचलं सगळं. दुसऱ्या अंगाला दरी हाय. संगं आमच्या मळ्यातली हौसाबाई हुती, तिचा हात मोडला. रोपं सगळी रस्त्यावर."

"मग आधी कुणाला दाखवली गाडी?"

"दोघा मिस्त्रींला. एकानं शेन्सर बदलला. दुसरा म्हनला गाडी फस्ट क्लास हाय, बाई घाबरती आन् ब्रेक नीट दाबत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता तुमी तिसरे. तुमी फिट म्हनलासा, तर उद्यापास्नं स्टेअरिंग माझ्या पुतन्याकडं. सुनंदानं घरात बसायचं. पोराला तसं मी फोनवर सांगितलंय."

सुनंदाला हे माहीत होतं. ती लांब उभी राहून आमच्याकडंच बघत होती. नंतर आबा चहाला गेल्यावर मला म्हणाली, "भाई, आदी मी रोज सकाळी वस्तीवरनं बायकांला गाडीत घालून मळ्यात आनायची. आता येक बी बसत न्हाई. उन्हाचं चालत येत्यात, पन माझ्या गाडीत न्हाई बसत. हौसाबाईची सून तर तोंडावर म्हनली, तुला जमत न्हाई तर कशाला मिरवतीस... मला येवढंच सांगा, माझा पाय चुकतोय का गाडी चुकतीय."

"मशीन सांगेल," मी म्हटलं. अशा वेळी मी फार बोलत नाही.

स्कॅनर लावला. बिघाडाचा एक जुना कोड सापडला, मागच्या डाव्या सेन्सरचा. पहिल्या मिस्त्रीनं सेन्सर बदलला होता पण कोड पुसला नव्हता. पुसला. चारी सेन्सर काढून साफ केले. पुढचे पॅड बघितले, मागचे लायनर बघितले, डिस्क वाकडी आहे का बघितलं. पॅड जरा जास्त झिजले होते, ते लिहून ठेवण्याइतकं मला महत्त्वाचं वाटलं नाही. मग गाडी घेऊन मी स्वतः रस्त्यावर गेलो. मोकळा पट्टा बघून जोरात ब्रेक मारला. गाडी जागेवर! पुन्हा मारला, पुन्हा जागेवर. लाथ नाही, धडधड नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही.

परत आलो. आबा उभेच होते.

"काय रिपोर्ट?"

"मशीनच्या हिशेबानं गाडी फिट आहे, आबा."

"बास. इषय संपला."

किल्लीसाठी हात पुढं केला होता तो सुनंदानं मागं घेतला आणि किल्ली आबांच्या हातात गेली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटतंय म्हणून गाडीत नसलेला फॉल्ट मी कुठून काढणार? मी खोटं सांगत नाही. भांडण होऊ दे, गिऱ्हाईक जाऊ दे, ब्रेकबद्दल खोटं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसली होती. ब्रेकचं ऑइल काळं पडलं होतं. असलं ऑइल बघितलं की मला राहवत नाही. म्हटलं, "आबा, ऑइल बदलून देतो, त्याशिवाय गाडी सोडणार नाही." ते कपाळाला आठ्या घालून पुन्हा समोर चहाच्या बाकड्यावर जाऊन बसले.

ऑइल बदललं की लायनीतली हवा काढावी लागते आणि ते एकट्याचं काम नाही. एकजण केबिनमध्ये पेडलवर, एकजण खाली चाकाशी. खालचा ओरडतो, "मार... मार... धर!" वरचा दोनदा दाबून तिसऱ्यांदा पेडल दाबूनच ठेवतो आणि ओरडून सांगतो, "धरलं!" मग खालचा चाकाजवळचं निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडतो, ऑइल आणि हवा नळीतून बाटलीत येते, निप्पल बंद. तोवर वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की सगळी हवा परत आत. माझा जोडीदार शौकत त्या दिवशी भावाच्या लग्नाला गेला होता. म्हणून सुनंदालाच म्हटलं, बसा पेडलवर.

मी खड्ड्यात उतरलो. मागचं डावं चाक.

"मार... मार... धर!"

"धरलं!"

निप्पल उघडलं. ऑइल आलं, पण कसं... थेंब थेंब. जोर नाही. मला वाटलं लायनीत कचरा असेल. बंद केलं, परत तेच. परत थेंब थेंब. मी जरा वैतागलो. "ताई, जोरात धरा की!"

"जोरातच धरलंय वं भाई! पाय दुखाय लागला!"

तिसऱ्यांदा उघडलं आणि माझ्या डोक्यावर आवाज झाला. कर्रर्र... भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरतात ना, तसा. मी वर बघितलं. चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, खाली येत होती. सावकाश नाही, झटक्यात पण नाही, हौद्यात पोती पडत गेल्यावर गाडी दबते तशी. बाकदार पाटे माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाले. चेसीला खालून एक रबराचा गट्टू असतो, फार वजन झालं तर तो एक्सलवर टेकतो. तो टेकला. आणि त्याच वेळी हातातली नळी एकदम ताठ झाली, ऑइल जोरानं बाटलीत आलं, बाटली हातातून निसटता निसटता राहिली.

"कोण चढलंय हौद्यात?" मी खालून ओरडलो. "उतर आधी! खाली माणूस आहे, दिसत नाही का?"

माझं ओरडणं संपायच्या आत केबिनमधून सुनंदा ओरडली, "भाई, मागं कोन चढलं वं? गाडीचं तोंड वर झालं! पेडल बी खाली गेलं!"

सवयीनं आधी निप्पल बंद केलं. मग पुढच्या बाजूच्या पायऱ्यांनी वर आलो, चांगल्या दोन शिव्या तोंडात तयार ठेवून. आमच्या इथं चहा पिऊन झाला की कुणीपण कुणाच्याही गाडीत चढून बसतं. वळसा घालून मागं गेलो.

हौदा रिकामा. फाळका उघडा, आरपार दिसत होतं. एका कोपऱ्यात सुकलेलं उसाचं रोप पडलेलं, बाकी काही नाही. आणि गाडी मागून बसलेली. मागचे टायर फुगून बाहेर आलेले, मडगार्ड टायरला टेकायला आलेलं. टनभर माल भरल्यासारखी गाडी... आणि आत एक रोप!

मी घाबरलो. लिहायला मला लाज वाटत नाही. मनातल्या मनात जे म्हणायचं असतं ते म्हणून झालं. सुनंदा केबिनमधून मान बाहेर काढून बघत होती, पाय तसाच पेडलवर दाबलेला. बिचारीला मी "सोडा" म्हटलं नव्हतं ना!

मग गाडी वर यायला लागली. एकदम नाही. थोडी वर, थांबली. थोडी वर, थांबली. माणसं एकेक करून खाली उतरावीत तशी. एवढ्यात चहाच्या बाकड्यावरून आबा रस्ता ओलांडून आले. त्यांनी गाडी दबताना बघितली नव्हती, वर येताना बघितली.

"ही गाडी... वर कशी आली वं?" ते म्हणाले.

"ते मलाच कुणीतरी सांगा," मी म्हटलं.

समोर ट्रॉल्या जात होत्या, त्यातल्या एकावर मोठ्या आवाजात गाणं लागलं होतं. सुनंदानं हळूच विचारलं, "भाई, पाय काडू का आता?" तेव्हा मला भान आलं.

आता माझा स्वभाव सांगतो. मला भीती वाटते, पण ती फार वेळ टिकत नाही, तिच्यामागून राग येतो. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या खड्ड्यावर, मला न विचारता गाडी दबते म्हणजे काय! आणि रागाच्या पाठोपाठ डोक्यात आलं की गाडी का दबली ते राहू दे, पण गाडी दबल्यावर ऑइल का आलं?

तिथं माझी ट्यूब पेटली.

पिकअपच्या मागच्या एक्सलच्या वर एक छोटा व्हॉल्व असतो. त्याची एक दांडी एक्सलला जोडलेली. गाडीत माल भरला, मागची बाजू दबली, की दांडी वर जाते आणि व्हॉल्वला कळतं की माल आहे, तो मागच्या ब्रेकला ऑइल भरपूर सोडतो. गाडी रिकामी असेल तर मागची बाजू उचललेली राहते, ऑइल कमी. साधी लोखंडी दांडी. वायर नाही, सेन्सर नाही. म्हणून स्कॅनरला तिची खबरच नसते.

आणि या गाडीला पाटे वाढवलेले होते. मी ते सकाळपासून बघत होतो! पण आमच्या भागात पाटे न वाढवलेली पिकअप दाखवा मला. ऊस असो, द्राक्षं असोत, रोपं असोत, गाडी हातात आली की आधी पाटेवाल्याकडं नेतात. गाडी दबली तर मालकाची मान खाली जाते ना! डोळ्याला इतकी सवय झालेली की दिसत असून दिसत नाही. या गाडीला तर एवढे जाड पाटे घातले होते की ट्रेचा पूर्ण माल भरला तरी मागची बाजू पुरेशी दबत नव्हती. व्हॉल्वला कायम वाटायचं, गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धे झोपलेले. सगळा भार पुढच्या दोन चाकांवर. घाटात भरल्या गाडीला जोरात ब्रेक मारला की पुढची चाकं जाम व्हायला बघणार, एबीएस जागं होणार, पेडल लाथा मारणार आणि गाडी मालाच्या रेट्यानं पुढं सरकत राहणार. आणि आम्ही तिघं मिस्त्री काय करत होतो? गाडी रिकामी करून तपासत होतो. रिकाम्या गाडीला पुढचे दोन ब्रेक पुरतात. ती थांबणारच.

"आबा," मी विचारलं, "पाटे कुणी वाढवले?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला, गाडीकडं बघितलं, सुनेकडं नाही बघितलं. "मीच घातलं," म्हणाले. "गेल्या हंगामाला. सांगलीस्नं मुद्दाम जाड मागवून घेतलं. गाडी दबाय नगं म्हनून."

"मग सुनंदाताईंचा पाय चांगला आहे. गाडी थांबत नव्हती ती तुमच्या पाट्यांमुळं."

मी हे मुद्दाम मोठ्यानं बोललो. चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे असं. सुनंदा फाळक्याला टेकून उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. मग रडता रडताच म्हणाली, "दोन म्हैनं घरात मान वर केली न्हाई मी, आबा." आबा म्हणाले, "व्हय. माज्यामुळं." एवढंच. पण चारचौघांत म्हणाले. मिलिटरीतला माणूस, चूक झाली तर झाली म्हणतो, हे मला आवडलं.

आबांना पाटे लगेच काढायचे होते, पण मी काढू दिले नाहीत. आधी खात्री. मी खड्ड्यात उतरून बघितलं. एक्सलवर वाळलेला चिखल होता आणि त्यात रबराच्या गट्टूचा ताजा ठसा उमटला होता. म्हणजे भास नव्हता. तीन माणसांना एकदम झाला असेल समजा, पण चिखलाला भास होत नाही! मग मी हाका मारल्या. चहावाला, शेजारचा टायरवाला, पिठाच्या गिरणीतली माणसं, रस्त्यानं चाललेले दोन-चार ओळखीचे, सगळ्यांना हौद्यात चढवलं. "काय रं गड्या, फोटू काडायचाय व्हय?" टायरवाला विचारत होता. पाय ठेवायला जागा उरली नाही, एकमेकांच्या खांद्याला धरून उभे राहिले, आबाही चढले. मी खाली बसून बघितलं. गट्टू आणि एक्सलमध्ये अजून चार बोटं अंतर होतं. सगळ्यांना एकदम उड्या मारायला लावल्या तरी तो टेकला नाही. मग सगळ्यांना उतरवलं, चहा पाजला आणि कशासाठी चढवलं ते सांगितलं नाही.

नंतरचं काम सरळ होतं. जादा पाटे काढले, व्हॉल्वची दांडी मापात बसवली, पुढचे पॅड नवीन टाकले. या वेळी मी म्हटलं, टेस्ट रिकाम्या गाडीवर नाही. शेजारच्या अडतवाल्याची घेवड्याची पोती हौद्यात भरली, पार वरपर्यंत. सुनंदा स्टेअरिंगवर, मधे मी, कडेला आबा. सकाळच्याच मोकळ्या पट्ट्यावर तिनं गाडी चांगली पळवली आणि मी म्हटलं, "मारा!" तिनं पेडलवर उभं राहावं तसा ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली. चारी चाकांनी धरलं, पेडल मऊ, लाथ नाही. आबांचं डोकं समोर आपटता आपटता राहिलं.

"आता?" सुनंदानं विचारलं, पण माझ्याकडं बघून नाही.

आबांनी टोपी नीट केली. "आता काय... फलटनची आर्डर ऱ्हायलीय न्हवं? कवा जानार हैस?"

आता कमेंट लिहायला बसलेल्यांसाठी. "लीफ सेटल झाली असेल" असं लिहू नका. सेटल झालेला पाटा परत वर येत नाही. "खड्ड्याची जमीन खचली असेल" हेही नको. जमीन खचली तर चाकं खाली जातील, चेसी एक्सलवर येऊन बसणार नाही. पेडल दाबून गाडी दबत नाही, जगात कुठंही नाही. माझ्या एका इंजिनिअर मेव्हण्यानं "थर्मल काहीतरी" सांगितलं, त्याला मी जेवायला वाढून गप्प केलं. बायको म्हणते कुणीतरी अल्लाचे बंदे असतील, मदतीला आले. मी म्हणतो, मदतच करायची होती तर पाट्यांकडं बोट दाखवायचं, टनभर वजन कशाला टाकायचं? ती म्हणते, "तुम्हाला बोट दाखवलेलं दिसलं असतं का?" ब्रेकमधलं काहीही विचारा, सांगतो. त्या सकाळी त्या रिकाम्या हौद्यात काय चढलं होतं ते मला अजून माहीत नाही. त्यानंतर कितीतरी रिकाम्या गाड्या त्याच खड्ड्यावर उभ्या केल्या. एकही दबली नाही.

या हंगामात सुनंदा गॅरेजसमोर थांबली होती. हौद्यात रोपांचे ट्रे, केबिनमध्ये शेजारी दोन बायका दाटीवाटीनं बसलेल्या, त्यातली एक हौसाबाई, हात बरा झालेला. काचेतून मलाच ओरडून म्हणाली, "काय भाई, बरं हाय न्हवं?" सुनंदा उतरून पाणी प्यायला आली.

"भाई, लागला का तपास? कोन हुतं ते?"

"नाही लागला. पण सोडणार नाही मी."

"सोडा की वं," ती म्हणाली. "कोन का असंना. आख्ख्या कुंडलातलं येक मानूस माझ्या गाडीत बसाय तयार न्हवतं तवा, भाई... ते बसलं."